जाहिरातीची विद्या आणि चौथे शील

(वाशीम येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यातील बौद्ध घरात मूल बारावी उत्तीर्ण झाले म्हणजे शिक्षकाची नोकरी, पोलिसांतील भरती किंवा स्पर्धा परीक्षा या ठरावीक वाटांचाच विचार होतो. अशा घरात एखादी मुलगी म्हणाली की, मला जाहिरातशास्त्राची पदवी घ्यावयाची आहे, तर बाप विचारतो, "ही कसली विद्या? हिला नोकरी कोण देणार?" आणि धम्म मानणारी आई विचारते, "खोटे बोलण्याचे शिक्षण घ्यावयाचे काय?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचा विचार करावा म्हणूनच मी आज उभा आहे.

प्रथम आपल्याच इतिहासातील एक प्रसंग सांगतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पत्र काढले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापावयास 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतःच नमूद करून ठेवले आहे. फुकट जागा कोणी मागितली नव्हती. दर देण्याची तयारी होती. तरीही त्या चार ओळींना जागा मिळाली नाही. कोणाचा शब्द लोकांपर्यंत पोहोचावा आणि कोणाचा पोहोचू नये, हे जाहिरातीच्या स्तंभातही ठरविले जाते, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. पण २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉण्ड्री यांनी वृत्तसंस्थांची जी पाहणी केली, तीत नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्च जातींची माणसे आढळली. अनुसूचित जाती-जमातींचे एकही माणूस आढळले नाही. ही पाहणी पत्रकारितेची आहे, जाहिरात संस्थांची नव्हे, हे मी मान्य करतो. परंतु ज्या दारातून बातमी बाहेर पडते त्याला लागूनच जाहिरातीचे दार आहे. तेथे आपण आपोआप पोहोचू, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

आता बापाच्या प्रश्नाकडे वळू. ही विद्या दोन मार्गांनी घेता येते. एक मार्ग लेखणीचा. मुंबई विद्यापीठाचा बी.एम.एम. हा अभ्यासक्रम २०१९ पासून बी.ए.एम.एम.सी. या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात अखेरच्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडावी, अशी रचना होती. जाहिरातीचा मजकूर लिहिणे, ग्राहकाच्या मनाचा अभ्यास, बाजाराचे संशोधन, कोणत्या माध्यमात किती पैसा खर्चावा याचा हिशेब, हे तेथील विषय. कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्याला तेथे वाट मोकळी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्यांची घडण बदलत आहे. म्हणून प्रवेशापूर्वी चालू वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी.

दुसरा मार्ग कुंचल्याचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला. त्याच विद्येला आज उपयोजित कला म्हणतात. तिची चार वर्षांची पदवी नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातही मिळते. दीक्षाभूमीच्या शहरी जाणाऱ्या आपल्या मुलांना हे महाविद्यालयही ठाऊक असावे.

खर्चाची चिंता खरी आहे. परंतु हक्काची तरतूदही आहे. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या ज्या सवलती आपल्याला नाकारल्या गेल्या, त्या १९९० च्या कायद्याने बौद्धांना पुन्हा मिळाल्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्यासाठी तिच्यात वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. म्हणून निकालाची वाट न पाहता जातीचा व उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि समाजकल्याण कार्यालयात जाऊन अटी व मुदत विचारा. कागद उशिरा झाला म्हणून हक्क बुडाला, असे आपल्या घरी घडू देऊ नका.

इंग्रजीची भीती मुलांना वाटते. ती भाषा मेहनतीने शिकलीच पाहिजे. परंतु पुष्कळशा जाहिराती आधी इंग्रजीत वा हिंदीत लिहिल्या जातात आणि मग त्यांचे ओबडधोबड मराठी केले जाते, हेही ध्यानात घ्या. वऱ्हाडी माणसाशी वऱ्हाडी माणसासारखे बोलणारा लेखक त्या धंद्याला हवा आहे. रिसोड-मानोऱ्याच्या घरात ऐकलेली बोली ही लाजेची गोष्ट नसून भांडवल आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो अधिक खोल आहे. "मुसावादा वेरमणी" हे आपले चौथे शील. सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका ही अष्टांगिक मार्गाची अंगे. मग जाहिरातीचा धंदा बौद्धाने करावा काय? माझे उत्तर असे की, जो हे शील सोडील त्याने करू नये. जो पाळील त्याने अवश्य करावा. पेरणीच्या आधी सोयाबीनच्या बियाण्याची स्तुती करणाऱ्या भिंती आपण पाहतो. गंडेदोरे, ताईत व वशीकरणाचे कागद आपण पाहतो. गोऱ्या कातडीची लालूच दाखविणाऱ्या आणि वधूवरांच्या स्तंभात जात छापणाऱ्या जाहिराती आपण पाहतो. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. परंतु कायदा कागद छापून झाल्यावर येतो. तो मजकूर लिहिला जात असताना, "हे खोटे आहे, मी लिहिणार नाही," असे म्हणणारा माणूस त्या टेबलाशी बसलेला असला पाहिजे. तसे म्हटल्याने कधी नोकरी जाईल, हेही मी लपवीत नाही. परंतु सगळ्या शीलवंतांनी दूर राहावयाचे ठरविले, तर ती लेखणी दुसऱ्यांच्याच हाती राहील.

पालकहो, मुलीला शिकवा. मुलांनो, पदवी घ्या, पण शील गहाण टाकून घेऊ नका. ज्या समाजाची जाहिरात पैसे देऊनही छापली गेली नाही, त्याच्या मुलांनी ही विद्या हस्तगत करावी आणि तिच्याकडून खरे तेच वदवावे, एवढीच माझी विनंती आहे.

जय भीम!