गर्भाशयाची घडण आणि गरोदरपणातील एक दुर्मिळ धोका
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



गर्भाशय म्हटले की एकसंध अवयव आपल्या डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः मुलगी आईच्या पोटात असतानाच हा अवयव दोन नलिकांच्या मीलनातून घडतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस म्यूलर यांनी १८३० मध्ये त्यांचे वर्णन केले. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. हे मीलन अपुरे राहिले तर पोकळीत पडदा उरतो, गर्भाशयाला दोन शिंगे येतात, किंवा एकाच बाजूची वाढ पूर्ण होऊन दुसरे शिंग खुरटे राहते. शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाचजणींत असे काही ना काही व्यंग आढळते. पुष्कळजणींना ते जन्मभर कळतही नाही. काहींच्या वाट्याला वारंवार गर्भपात, अकाली प्रसूती किंवा पायाळू मूल येते. मग घरची मंडळी सुनेलाच बोल लावतात! जन्मापूर्वीच्या घडणीचा जाब तिने काय म्हणून द्यावा?

सर्वांत घातक प्रकार म्हणजे खुरट्या शिंगात गर्भ रुजणे. पाऊण ते दीड लाख गरोदरपणांत असा एखादाच. मोरिसो व व्हासाल या फ्रेंच वैद्यांनी १६६९ मध्येच त्याची नोंद केली होती. या शिंगाची भिंत दुबळी असते. गर्भ वाढतो तशी ती ताणली जाते आणि बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात फुटते. रक्त पोटात साठते, बाहेर थोडेच दिसते किंवा दिसतही नाही, आणि येथेच फसगत होते. ओटीपोटात अकस्मात तीव्र कळ, घेरी, थंड घाम, क्वचित खांद्यात दुखणे ही लक्षणे दिसताच शेक देत बसू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भ नेमका कोठे आहे हे कळण्याची संधी अधिक; पुढे ओळख अवघड होते. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंगनिदानाला, वैद्यकीय कारणासाठी केलेल्या तपासणीला नव्हे. शासकीय रुग्णालयांत गरोदर स्त्रीला तपासण्या, रक्त व वाहन विनामूल्य देण्याची योजना २०११ पासून आहे.

शिक्षिका भगिनींसाठी एक गोष्ट. खुरट्या शिंगात मासिक पाळीचे रक्त कोंडले तर मुलीला दर महिन्याला असह्य वेदना होतात आणि त्या वाढत जातात. अशी विद्यार्थिनी त्या दिवसांत वारंवार गैरहजर राहत असेल, तर तिच्या आईला बोलावून स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सांगावे. अशा मुलींत काही वेळा त्याच बाजूचे मूत्रपिंडही नसते. तेव्हा एकच मूत्रपिंड असल्याचे पूर्वी कधी आढळले असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.