देहयष्टी आणि दुखापत

साडेसात फूट उंचीचे चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंग यांच्या पायाच्या हाडांना वारंवार तडे गेल्याने 2011 साली त्यांस निवृत्ती पत्करावी लागली. उलट त्यांच्याहून सव्वा फुटाने ठेंगणे, परंतु वेगात अकस्मात दिशा बदलण्यात निष्णात असे बास्केटबॉलपटू डेरिक रोझ यांच्या गुडघ्याचे अस्थिबंधन 2012 मध्ये तुटले. आपल्या कबड्डीतही पाय रोवलेला असताना चढाईपटूचा देह वळला, की सारा ताण गुडघ्यावर येतो. घोट्याच्या पकडीसाठी झेपावणाऱ्याचे मात्र खांदे व बोटे धोक्यात असतात. मातीत पाय किंचित सरकतो, मॅटवर बूट घट्ट धरून राहतो. म्हणून शिरूर-दौंडकडील मातीवर घडलेल्या खेळाडूंस मॅटवर उतरविण्यापूर्वी वळण्याचा व तोल सावरण्याचा स्वतंत्र सराव देणे, आमच्या मते, अत्यंत अगत्याचे आहे.