गजांबाहेरची मुलं

2022 च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत आईसोबत 1,764 मुलं राहत होती, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. पण बाप आत गेल्यामुळे घरी उरलेली मुलं किती, याचा रकानाच त्यात नाही. त्याच अहवालानुसार चारांतले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला सुरू असलेले. आणि सर्वाधिक कैदी उत्तर प्रदेशात. तिथल्या मलिहाबादच्या दशहरी आंब्याच्या बागेतला मजूर ऐन जूनच्या तोडणीत लखनौच्या तुरुंगात असला, की घराची हंगामाची कमाई बुडते. त्याच्या भेटीला जायचं तर बायकोचाही रोज बुडतो. कैदी आत येतानाच ‘घरी कोण कोण आहे?’ हे नोंदवलं, तर मदत वेळेत पोचेल. हे व्हायलाच हवं. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 हा क्रमांक गरजू घरांना जरूर सांगा.