गाठोडं आणि बस्ता



आमच्या कोल्हापूर भागात लग्न ठरलं की लगेच विचारणा होते, बस्ता कुठं बांधायचा? बहुतेकांचं उत्तर एकच, गांधीनगर. तावडे हॉटेलपाशी हायवे सोडून आत वळलं की कापडाची दुकानं सुरू होतात. हा बाजार वाढत वाढत आमच्या उचगावच्या हद्दीत आला. माझी आजी मात्र त्या वस्तीला शेवटपर्यंत ‘कॅम्प’च म्हणायची.

ती म्हणायची ते खरंच होतं. आज गांधीनगर आहे तिथंच, वळिवड्याच्या माळावर, १९४३ साली लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या, त्या पोलंडच्या निर्वासितांसाठी. रशियानं सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं, त्यांत बायका-पोरंच जास्त. इराण, मग कराची आणि तिथून वळिवडे. सुमारे पाच हजार जीव इथं राहिले. शाळा काढल्या, प्रार्थनाघर उभारलं आणि १९४८ पर्यंत बहुतेक सगळे पांगले. एक मुलगी तेवढी कोल्हापूरची सून होऊन राहिली.

त्याच बराकींत मग फाळणीनंतर सिंध सोडून निघालेली सिंधी कुटुंबं आली. त्यांच्यातलेही कितीतरी जण कराचीच्याच बंदरातून बोटीत बसले होते. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे ही मंडळी आली तेव्हा आपलंही घर बदलतच होतं.

एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेत नाही. फाळणीत पंजाबचा एक भाग इकडं राहिला, बंगालचाही एक भाग राहिला. सिंध मात्र सगळाच्या सगळा पलीकडं गेला. पूर्व बंगालातून आलेल्या माणसाला कोलकात्यात निदान आपली भाषा तरी भेटली. सिंधी माणूस माळावर उतरला तेव्हा भोवती सगळी मराठी. १९६७ साली सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, तोवर कॅम्पात जन्मलेली पोरं मिसरूड फुटायच्या वयाला आली होती.

या सिंधी मंडळींनी काय केलं? कापडाचं गाठोडं उचललं. आधी डोक्यावर, मग सायकलवर. दारोदार जायचं, वारामागं थोडंच सुटलं तरी माल हलवायचा, नड असेल त्याला उधारीवर द्यायचं. उधारी द्यायची म्हणजे माणूस ओळखावा लागतो, आणि माणूस ओळखायचा तर त्याची बोली यावी लागते. मला वाटतं, त्यांची मराठीची शाळा आपल्या उंबऱ्यावरच भरली. मदत मिळाली असेल, पण हा धंदा त्यांनी पायांनी उभा केला, हे मी मनापासून सांगतो. आणि उचगावच्या कितीतरी घरांची चूल आज या बाजारावर पेटते.

तरी आपण अजून त्यांना विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” तिसरी पिढी गल्ल्यावर बसलीय, तरी विचारतो. मीही विचारलंय, आणि आता मला त्याची टोचणी लागते.

पुतणीचा बस्ता बांधायला आम्ही गेलो होतो. दुकानातल्या पोरानं गादी झटकली. “बसा की काकू, च्या सांगतो,” म्हणाला आणि शालू पसरले. दर ठरेना, तेव्हा आतल्या खोलीकडं तोंड करून त्यानं आजोबांना सिंधीत काहीतरी विचारलं. आतून सिंधीतच उत्तर आलं. पोरगा आमच्याकडं वळला आणि म्हणाला, “आजोबा म्हणत्यात, पोरीचं लगीन हाय, घासाघीस करू नको.”