उष्टं नको, हिस्सा पाहिजे
(आखाडा बाळापूर इथलं भाषण)



मी गोदीतला हमाल. दिवसभर तांदळाची पोती वाहतो, घरी पीठ मोजून मळतात.

2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्याच साली 70 कोटींच्या आसपास माणसं उपाशी. शहाणे म्हणतात, पंगतीत उरलेलं गरिबांना वाटा. अरे, तेच तर गावकीनं आमच्या बापजाद्यांना वाटलं! 1927 साली महाडला बाबासाहेबांनी ते उष्टं झुगारायला सांगितलं.

उष्टं नको. 2013 च्या कायद्यानं प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य हक्काचं आहे. माप बघून घ्या. धान्य सडू नये म्हणून गावात गोदाम मागा. गायरान मागा, 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. इथल्या शिवारात सोयाबीन, हळद बाजारासाठी. आपल्या तुकड्यात ज्वारी पेरा. दाणा आपल्याला, कडबा जनावराला. वाया काय जाईल?