गोंदणानंतरचे तीन आठवडे

गोंदण हे एकच लेणे असे आहे की ते चोर नेत नाही, सावकाराकडे गहाण पडत नाही आणि मेल्यावरही अंगावरून उतरवून घेता येत नाही, असे जुन्या बायका सांगत. म्हणूनच गरिबाघरच्या लेकीलाही ते हक्काने मिळे. मराठी मुलखात कपाळावरचा नि हनुवटीवरचा ठिपका, हातावरचे तुळशीवृंदावन, विंचू, भावाचे किंवा पतीचे नाव ही त्याची नेहमीची रूपे. याच लेण्याला कानडीत हच्चे, तेलुगूत पच्चबोट्टु, गुजरातीत छूंदणां आणि हिंदी मुलखात गोदना म्हणतात. बेळगाव, हैदराबाद, बडोदे किंवा इंदूर येथील मराठी घरांना हे शब्द शेजारणींच्या तोंडून परिचयाचे आहेत. मध्यंतरी सुशिक्षित घरांतून गोंदण जवळजवळ हद्दपार झाले होते. शाळा शिकलेल्या मुलींना आजीच्या हातावरची हिरवी नक्षी गावंढळ वाटू लागली होती. आता त्याच आजीची पणती टॅटू या नावाने, हजारो रुपये मोजून, तीच गोष्ट हौसेने करून घेते.

धर्माचा निषेधही या हौसेला पुरता आवरू शकलेला नाही. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या 19 व्या अध्यायात अंगावर खुणा गोंदून घेण्यास मनाई आहे. तरीसुद्धा इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदवून घेतात, आणि जेरुसलेमची यात्रा घडली याची खूण म्हणून गोंदवून घेणारे यात्रेकरूही शतकानुशतके होत आले आहेत. गोंदवावे की नाही हा वाद ज्याचा त्याने आपल्या मनाशी आणि घरच्या वडीलधाऱ्यांशी मिटवावा. ज्यांनी गोंदवून घेतले आहे, किंवा जे घेणारच आहेत, त्यांच्या पुढील तीन आठवड्यांचा विचार येथे करावयाचा आहे. कारण गोंदणारा आपले काम तासाभरात उरकून मोकळा होतो. त्वचेचे काम त्यानंतर सुरू होते.

गोंदण ही जखम आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदासारखा पातळ असून तो सतत झडत व नवा होत असतो. रंग तेथेच राहिला तर महिन्या-दीड महिन्यात तो पापुद्र्यांबरोबर निघून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल, उतरवावी लागते. जुनी गोंदणारीण हे काम मूठभर सुया एकत्र बांधून हाताने करी. 1891 साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने, कागदाला छिद्रे पाडून नकला काढण्याच्या एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून, गोंदणाचे यंत्र रचून त्याचे पेटंट मिळवले. आजच्या यंत्राची सुई मिनिटाला शेकडो, कित्येकदा हजारो वेळा कातडीत शिरते. म्हणजे तळहाताएवढ्या नक्षीसाठी त्वचेला लक्षावधी भोके पडतात. तेवढ्या जागी खरचटले असते तर मनुष्य चार दिवस हात जपून वापरील; नक्षी सुंदर दिसते म्हणून तो ही जखम विसरतो, आणि तेथेच फसतो.

रंग आत टिकतो तो कसा, हेही मोठे नवलाचे आहे. शरीरात परकी वस्तू शिरली की तिला गिळून टाकणाऱ्या भक्षकपेशी धावून येतात. रंगाचे कण त्यांना गिळता येतात, पण पचवता येत नाहीत. तेव्हा त्या कण पोटात घेऊन तेथेच बसून राहतात. 2018 साली फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखवले की, अशी पेशी मेली म्हणजे तिच्यातून सुटलेला रंग शेजारची नवी पेशी उचलून घेते. आल्प्स पर्वताच्या बर्फात 1991 साली सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या मनुष्याच्या देहावर 61 गोंदणखुणा आजही मोजता येतात. परंतु रंग असा स्थिरस्थावर होण्यापूर्वीचे काही दिवस नाजूक असतात. त्या दिवसांत जखम चिघळली तर रंगही जातो आणि वण मात्र राहतो.

पहिल्या दिवशी गोंदलेल्या जागेतून लस, थोडे रक्त आणि जादा रंग झिरपतो. जागा लाल होते, किंचित सुजते, उन्हाने भाजल्यासारखी चुरचुरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोंदणाऱ्याने साधी पट्टी बांधली असेल तर काही तासांनी ती सोडावी. हल्ली त्वचेला चिकटणारा पारदर्शक पडदा लावतात, तो मात्र सांगितलेले दिवस ठेवावयाचा असतो. पट्टी सोडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण सारी काळजी एकाच शब्दात सांगावयाची झाली तर तो शब्द हात हाच असेल. नंतर कोमट पाण्याने व बिनवासाच्या सौम्य साबणाने, बोटांनीच, हलकेच ती जागा धुवावी. चोथा, घासणी, पंचा यांचे तेथे काम नाही. स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये. मग मलमाचा अगदी पातळ हात द्यावा, इतका की त्वचा केवळ ओलसर दिसावी. जाड थर दिला की खाली घाम कोंडतो आणि कोंडलेल्या ओलाव्यात जंतू वाढतात. दिवसातून दोन-तीनदा एवढे केले की पुरे. औषधी मलमे वैद्याच्या सल्ल्यावाचून लावू नयेत, कारण नियोमायसिन असलेल्या मलमाची पुष्कळांना ॲलर्जी असते आणि मग बरे होणारी जागा उगाच फुलून येते.

येथे घरातील वडीलधारी मंडळी हळदीचा डबा पुढे करतात. गोंदणावर हळद आणि तेल लावण्याची चाल फार जुनी आहे, आणि हळदीत औषधी गुण आहे हेही कोणी नाकारीत नाही. पण फोडणीच्या डब्यात रोज चमचा बुडतो, ती हळद निर्जंतुक नसते. ओल्या जखमेत तिचे कण अडकून बसतात. खोबरेल तेलाचे तसे नाही. लस थांबून पापुद्रे सुटू लागले म्हणजे स्वच्छ खोबरेलाचे एक बोट फिरवल्याने फारसे बिघडत नाही. मात्र काही भागांत गोंदणावर शेण लावीत, ती रीत कायमची सोडून दिली पाहिजे. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि त्यांना सुईच्या टोकाएवढी वाट पुरते. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर गोंदवण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. आजीचा जिव्हाळा खरा होता, तिचे काही उपायही खरे होते. सगळेच खरे होते असे नाही, इतकेच.

सर्वांत मोठी गफलत होते ती पाण्याच्या बाबतीत. जखम धुणे निराळे आणि ती पाण्यात बुडवून ठेवणे निराळे. वाहत्या पाण्याखाली, तांब्याने किंवा फवाऱ्याने अंघोळ करण्यास हरकत नाही. परंतु टबात बसणे, तळ्यात डुंबणे, तलावात पोहणे, नदीचे पर्वस्नान, समुद्रस्नान या गोष्टी निदान तीन आठवडे वर्ज्य समजाव्यात. गोव्याला सहलीस येणारे तरुण पहिल्या दिवशी हौसेने गोंदवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरतात. खारे पाणी जखमेला चांगले, असा त्यांचा समज असतो. त्यांनी पुढील हकीकत अवश्य ऐकावी. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील 31 वर्षांच्या एका पुरुषाने पोटरीवर क्रूस आणि प्रार्थनेसाठी जोडलेले हात गोंदवून घेतले. पाचव्या दिवशी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. उबदार समुद्रात राहणारा व्हिब्रिओ जातीचा एक जंतू त्या ताज्या जखमेतून शरीरात शिरला. दारूमुळे त्याचे यकृत आधीच दुबळे झालेले होते. औषधोपचारांनी मध्यंतरी थोडा उतार पडला, परंतु सुमारे दोन महिन्यांनी त्याचा अंत झाला. ही हकीकत 2017 साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी नमूद केली. निरोगी माणसावर असा प्रसंग क्वचितच येईल. पण आपले यकृत कसे आहे, हे समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असते?

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर जागा कोरडी पडते, ओढल्यासारखी होते, आणि मग पापुद्रे सुटू लागतात. त्यांच्यासोबत रंगाचे कण निघालेले पाहून काहींचा जीव खालीवर होतो. तो रंग वरच्या झडणाऱ्या थरातला असतो, खालचा जागेवरच असतो. या दिवसांत खाज मात्र असह्य येते. नख लावले की खपली अवेळी निघते, तिच्याबरोबर खालचा रंग ओढला जातो आणि नक्षीत पांढरे ठिगळ पडते. खाजेवर तळहाताने हलके थोपटावे, स्वच्छ गार कापड क्षणभर ठेवावे. लहान मुलाची समजूत घालावी तशी त्वचेची घालावी. कपडे सैल नि सुती असावेत. पावसाळ्यात ओली बाही दिवसभर अंगावर वाळू देऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नक्षीवर दुधाळ साय आल्यासारखी दिसते. ती नवी कोवळी त्वचा होय, पुढे ती निवळते. वरून जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते, आतला भाग पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तोवर ऊन टाळावे. शेतात किंवा रस्त्यावर काम असेल तर बाहीने झाकावे, आणि जखम पुरती भरल्यावरच उन्हापासून रक्षण करणारे मलम वापरावे, आधी नव्हे.

घरच्या काळजीने न भागणारी लक्षणे कोणती, हे प्रत्येकाने ओळखले पाहिजे. साधी लाली दिवसागणिक ओसरते. ती तिसऱ्या दिवसानंतर पसरू लागली, जागा तापू लागली, ठणका वाढला, पू आला, लाल रेघ हातावर वर चढताना दिसली किंवा ताप भरला, तर गोंदणाऱ्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे, आणि त्याच दिवशी जावे. एक प्रकार अधिक फसवा आहे. 2011 साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे गोंदवून घेतलेल्या 19 जणांच्या करड्या रंगाच्या भागावर काही दिवसांनी पुरळ उठले आणि ते काही केल्या जाईना. क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण पाण्यात वावरणारा एक जंतू आधीच पातळ करून आणलेल्या त्या रंगात होता. त्या लोकांनी घरी कितीही हात धुतले असते तरी तो टळला नसता. म्हणून काळजीचा आरंभ गोंदवण्यापूर्वीच होतो. सुई बंद पाकिटातून डोळ्यांदेखत काढलेली हवी, रंग प्रत्येकासाठी वेगळ्या वाटीत ओतलेला हवा, तो पातळ करताना नळाचे पाणी वापरलेले नसावे आणि हातमोजे नवे असावेत. जत्रेत एकच सुई नि एकच वाटी दिवसभर वीस-पंचवीस हातांवरून फिरते, तेथे हेपटायटिस बी व सी यांसारखे रक्तातून पसरणारे रोग एका हातावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात, आणि त्यांवर नंतरच्या हळदीचा किंवा मलमाचा काडीचाही उपयोग नाही. सुईविषयी विचारायला संकोच वाटतो, हे खरे. लुगड्याच्या दुकानात रंग जाईल का, असे मात्र दहादा विचारले जाते.

मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या जखमेवर उंच, जाड वण येतो अशांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदात्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी: आपल्या देशातील नियमाप्रमाणे गोंदवल्यानंतर बारा महिने रक्त देता येत नाही; रक्तपेढीत विचारतील तेव्हा ते लपवू नये.

एवढे सांभाळूनही एखादी रेघ फिकी राहते, एखाद्या पाकळीत रंग कमी पडतो. त्याची घाई करू नये. दीड-दोन महिन्यांनी, त्वचा हाताला सर्वत्र सारखी मऊ लागू लागली म्हणजे, तेवढी जागा पुन्हा भरून घेता येते. मात्र ती भरून घेतल्यावर पुन्हा तोच साबण, तेच कोमट पाणी आणि तेच तीन आठवडे.