तेरची माती आणि चित्रकलेचा तास



दहावीचे वर्ष जवळ आले की वेळापत्रकातून सर्वप्रथम गणिताच्या हवाली होतो तो चित्रकलेचा तास. त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे मिळणारे वाढीव गुण मात्र सर्वांना हवे असतात. मग वर्षभर तीच सुरई, तेच कापड आणि तीच दोन फळे गिरवली जातात. रेषा सफाईदार होते, पण पाहावयास शिकणे राहून जाते.

धाराशिव जिल्ह्यात तरी असे होण्याचे कारण नाही. येथे तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून ज्याचा उल्लेख येतो, ते तगर म्हणजे हेच गाव. येथले कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी साम्य असलेली प्रतिमा इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत. त्या पाहण्यास आपल्या जिल्ह्यातील किती विद्यार्थी गेले असतील?

नववीच्या वर्गाला तेथे एक दिवस न्यावे. प्रत्येकाने एकच मूर्ती निवडावी आणि अर्धा तास तिच्यासमोर बसून ती समोरून व बाजूने रेखाटावी. भ्रमणध्वनी पिशवीतच राहू द्यावा. शाळेत परतल्यावर तीच आकृती मातीत घडवावी. तेरच्या पांढऱ्या मातीच्या अनेक मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा व मागचा भाग वेगळा दाबून मग जोडलेला, आत पोकळी. पोकळी कशासाठी, हे सांगण्याची घाई शिक्षकांनी करू नये. एखाद्याला भरीव मूर्ती करू द्यावी. आत ओल राहिलेली जाड मूर्ती भट्टीत तडकते, कारण त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडावयास वाट नसते. हा धडा विज्ञानाच्या पुस्तकातून इतका पक्का होत नाही. ओली, वाळलेली आणि भाजलेली अशा तिन्ही अवस्थांत मूर्तीची उंची मोजली, तर शेकडेवारीचे गणितही तेथेच होते. गणिताने नेलेला तास असा परत मिळवता येतो!

माती मळणे, तिच्यात राख किती घालावी, सावलीत किती दिवस वाळवावी आणि आवा कसा रचावा, हे पुस्तकात पाहून जमणारे काम नव्हे. त्यासाठी गावातील कुंभाराला सन्मानाने बोलवावे, मानधन द्यावे आणि मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्ची द्यावी. वर्गात त्यांचा मुलगाही असू शकतो. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नावर आजवर खाली पाहणारा तो मुलगा त्या दिवशी वडिलांना ‘गुरुजी’ म्हटलेले ऐकेल. एवढ्यासाठीही हा उपक्रम करण्याजोगा आहे.

नळदुर्गच्या पाणीमहालाचा छेद काढणे किंवा तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेवरून संकल्पचित्र रचणे हे उपक्रमही सुचतात. परंतु एका वर्षात एकच धरावा आणि तो तडीस न्यावा.

राहिला गुणांचा प्रश्न. गोरोबाकाकांचे वास्तव्य तेरचेच. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे कोण व पक्के कोण हे त्यांनी पारखले, ही कथा घरोघरी माहीत आहे. कच्चे ठरलेल्या नामदेवांची वाट मात्र तेथे संपली नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले. म्हणून वर्षअखेरच्या प्रदर्शनात तडकलेल्या मूर्तीही मांडाव्यात. ती कशामुळे तडकली, हे तिच्याखालच्या चिठ्ठीवर विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरांत लिहावे, आणि गुण देताना ती चिठ्ठी आधी वाचावी.